बिनतोंडाची तसबीर

मी एक जुनी तसबीर आहे, आणि मित्रांनो, माझ्यावर जी बाई काढली आहे तिला तोंड नाही.

तिचा एक हात आहे, कोपरापासून बोटांपर्यंत, अंगापेक्षा मोठा. दाराची एक उभी फट आहे आणि त्या फटीत हिरव्या रंगाचा पट्टा आहे. खाली हनुवटी आहे, तिच्यावर तीन काळे ठिपके आहेत. हनुवटीच्या वर जिथं ओठ, नाक, डोळे असायचे, तिथं नुसता पिवळा रंग, तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखा. बाकी सगळे चौकोन आणि त्रिकोण, कुठं गेरूचे, कुठं राखेच्या रंगाचे. उजवा कोपरा नाही. तो घोडीनं खाल्ला.

हल्ली मी धारच्या एका मुलींच्या शाळेत असते. वर्षातून एकदा तरी कुणी शहाणा पाहुणा येतो. माझ्यासमोर हात मागं बांधून उभा राहतो, मान तिरकी करतो आणि पोरींना माझा अर्थ सांगतो. हिरवं म्हणजे शेती. हात म्हणजे श्रम. पिवळं म्हणजे आत्मा. एकानं तर खाल्लेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं की मुलींनो, चित्रकारानं इथं जीवनाची अपूर्णता सुचवली आहे. अपूर्णता कसली डोंबलाची! मैना नावाची घोडी होती, तिला रंगातल्या अळशीच्या तेलाचा वास आवडला.

ऐकून ऐकून माझे कान किटले. मला कान नाहीत, तरी किटले. म्हणून आज मीच सांगते.

चित्र म्हणून माझा जन्म झालाच नाही. मी राहुटीचं कापड होते. जाड, सुती, ऊनपावसाला न भिणारं. धारच्या दरबारी पागेवर गणोजीराव नावाचे अंमलदार होते. घोडे, त्यांचा दाणा, वैरण, नाल, औषध, सगळं त्यांच्या हाताखाली. दरबारची स्वारी कुठं निघाली की घोडे पुढं, गणोजीराव पुढं, आणि मागून उंटावर मी. तिरल्याच्या माळावर मी उभी राहिले, निसरपूरला नर्मदेच्या काठी उभी राहिले. माणूस कडक. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारानं खरारा नीट केला नाही तर त्यांचा आवाज दोन शेतं ओलांडून जाई. पण आजारी घोड्यापाशी बसले की त्याच आवाजाची अशी काही गोधडी होई की घोडं डोळे मिटून घेई. मी त्या माणसाच्या डोक्यावर सावली धरली आहे, मित्रांनो. मला तो ठाऊक आहे.

मोठ्या तापाची साथ आली त्या वर्षी आम्ही निसरपूरला होतो. धारहून स्वार आला. तो घोड्यावरून उतरायच्या आत गणोजीराव उठून उभे राहिले. त्यांची बायको, सुमंगलाबाई, तापानं अंथरुणाला खिळली होती. गणोजीराव घोडा फेकत धारला गेले, पण साथीच्या दिवसांत माणूस गेल्यावर कुणी कुणासाठी थांबत नसे. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाचा आई वारलेला मुलगा, प्रताप, सुमंगलाबाईंनीच तान्हेपणापासून वाढवला होता. त्या गेल्या तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याला त्याचे वडील देवासला घेऊन गेले. घरात उरली गणोजीरावांची थोरली विधवा बहीण, अक्का, आणि स्वयंपाकाच्या यमुनाबाई.

आता एक गोष्ट सांगते ती तुम्हाला खरी वाटणार नाही. गणोजीरावांनी आपल्या बायकोचं तोंड कधी धड पाहिलं नव्हतं.

हसू नका. दरबारी मराठ्यांच्या घरात गोषा असे. बाईचा पदर हनुवटीच्या खाली. लग्नात ती एवढीशी पोर, मुंडावळ्यांच्या आड. पुढं घरात सासू, सासरे, दीर, नणंद. त्यांच्यासमोर नवराबायकोनं एकमेकांकडे पाहायचं नाही. रात्री ती खोलीत येई ती दिवा मालवल्यावर. आणि दिवसा पुरुषांनी माजघराच्या दाराशी यायचं तर आधी खाकरायचं, ही रीत. खाकरलं की आतल्या बायका पदर ओढून घेत. गणोजीरावांची खाकर तर पागेपर्यंत ओळखू यायची. रोज ते त्या दाराशी आले, रोज खाकरले, आणि रोज त्यांना काय दिसलं? दाराच्या फटीत हिरव्या लुगड्याचा पट्टा. ताट पुढं सारणारा एक हात. आतल्या चुलीचा उजेड.

सगळा संसार असा झाला. आपल्याच तोंडानं आपल्याच बायकोचं तोंड झाकून घेत गेला हा माणूस, आणि त्याला वाटलं आपण खानदानी वागतो आहोत. याला मी रीत म्हणत नाही. याला मी मूर्खपणा म्हणते. तरी त्या माणसावर मला रागावता येत नाही, कारण त्याची माया खरी होती. त्या हाताला तव्याचा चटका बसलेला दिसला तर तो दुसऱ्या दिवशी पागेतलं मलम गुपचूप दाराशी ठेवून देई. घोड्याचं मलम! ती लावीही.

फोटो? फोटोवाला एकदा घरी आला होता. पुरुष ओळीनं उभे राहिले. बायका आत.

वर्षं गेली. गणोजीराव पागेतून मोकळे झाले, घरामागच्या तबेल्यात एक मैना घोडी तेवढी राहिली. मग त्यांची नजर जाऊ लागली. इंदूरच्या डॉक्टरानं काचबिंदू सांगितला आणि म्हणाला, "उजेड आहे तोवर जे पाहायचं ते पाहून घ्या."

गणोजीराव घरी आले आणि त्यांनी देवासहून प्रतापला बोलावून घेतलं. प्रताप आता दाढीमिशीचा गडी झाला होता. इंदूरला चित्रकला शिकला होता आणि देवासला तसबिरी रंगवून पोट भरत होता.

"परत्या, तू म्हणे लोकांची तोंडं काढतोस?"

"काढतो काकासाहेब. देवासला थोरल्या आणि धाकट्या, दोन्ही पात्यांच्या दरबारी माणसांची काढतो. रस्त्याच्या या बाजूचे म्हणतात, त्या बाजूच्यांपेक्षा आमची मिशी लांब काढ. ते बघून त्या बाजूचे परत येतात."

"फालतू बडबड नको. तुझ्या काकीचं काढ."

प्रताप सावरून बसला.

"मोठं काढ. मला जवळून दिसेल असं. डोळे जायच्या आत मला एकदा तिचं तोंड पाहायचं आहे."

"काढतो की. पण काकासाहेब, नाक कसं होतं काकीचं?"

गणोजीराव एकदम उसळले. "मला काय विचारतोस! तुला तिनं मांडीवर वाढवलं ना? तुला नाही ठाऊक?"

प्रताप माजघरात बायकांना विचारायला गेला. तिथं वेगळाच तमाशा.

"सरळ होतं नाक," अक्का म्हणाल्या. "धारदार. आमच्या घराण्यात शोभेलसं."

"अवो अक्कासाहेब, काय सांगता!" यमुनाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "बसकं होतं वो नाक. नथ गालाला टेकायची."

"तू चुलीकडे बघत होतीस की नाकाकडे?"

"तुमी तर देवाकडे बघत होता."

"आणि डोळे?" प्रतापनं विचारलं.

"मोठे," अक्का म्हणाल्या.

"हौ, मोठे," यमुनाबाई म्हणाल्या. त्यापुढं दोघींनाही सांगता येईना. पंधरा वर्षं झाली होती. आठवण होती, तोंड विरून गेलं होतं.

प्रताप परत निघाला तेव्हा गणोजीरावांनी त्याच्या बैलगाडीत माझी घडी टाकली. "निसरपूरची राहुटी आहे ही. हिच्यावरच काढ. मी हिच्यात बसलो होतो त्या वेळी."

असं माझं देवासला जाणं झालं. टेकडीच्या पायथ्याशी प्रतापची खोली होती. त्यानं मला कापलं, चौकटीवर ताणलं, खडू आणि सरस घोटून माझ्या अंगाला फासला. राहुटीचं कापड असं गोरंमोरं झालेलं पाहून मला माझीच लाज वाटली. मग त्यानं जवळच्या घाण्यावरून अळशीचं तेल आणलं, रंग कालवले आणि तोंड काढायला घेतलं.

पहिलं तोंड फार सुंदर झालं. कपाळावर चंद्रकोर, नाक सरळ, ओठ लाल. प्रताप दोन पावलं मागं गेला, बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" सुरी घेऊन त्यानं ते खरवडून टाकलं. दुसरं काढलं, बसक्या नाकाचं. तेही खरवडलं. तिसरं काढताना त्याचा हातच चालेना. मी त्या खरवडण्यानं हैराण झाले होते, पण मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. खोटं तोंड अंगावर वागवण्यापेक्षा ओरखडे बरे.

मग एका दुपारी तो उठला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. लहान पोर चुलीपाशी बसतं तसा. बसून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि उठून त्यानं जे काढलं, ते मी आहे. चुलीपाशी बसलेल्या पोराला भाकरी थापणारी बाई खालून कशी दिसते? हात मोठा दिसतो. हनुवटी दिसते. तिच्यावर काय आहे ते दिसतं. त्यापलीकडे सगळा जाळाचा पिवळा उजेड. आणि काका दाराशी आले की फटीत काय दिसत असेल, ते त्यानं माझ्या डाव्या अंगाला काढलं. जे कुणालाच आठवत नव्हतं, ते त्यानं काढलं नाही. भिंती, ताटं, पाट, कोनाडे, यांचे त्यानं चौकोन-त्रिकोण करून टाकले, कारण पोराला त्यांच्याशी काय घेणं? शेवटी हनुवटीवर तीन काळे ठिपके दिले, ब्रश टाकला, आणि तो एवढा मोठा गडी हुंदके देऊन रडला.

एवढाच माझा अर्थ आहे, मित्रांनो. यात आत्मा नाही आणि शेतीही नाही.

धारला माझं आगमन झालं तेव्हा गणोजीरावांनी चार माणसं बोलावली होती. बायको घरात परत येणार म्हणून त्यांनी नवं पागोटं बांधलं होतं. पाहुण्यांत दत्तोपंत होते, दरबारचे जुने मुन्सफ, इंग्रजी मासिकं वाचणारे. भास्करमास्तर होते. बायका दाराआड. प्रतापनं माझ्यावरची चादर काढली.

गणोजीराव माझ्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास माझ्या रंगाला लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते मला हुंगल्यासारखे फिरले.

दत्तोपंतांना शांतता सहन होत नसे. "हां! हे मॉडर्न आहे गणोजीराव. विलायतेत सध्या असंच चाललं आहे. यात अर्थ शोधावा लागतो. हा हिरवा पट्टा बघा, ही नर्मदा."

"नर्मदा हिरवी कशी?" मास्तर म्हणाले.

"काठची शेती हो! आणि हे तीन ठिपके म्हणजे धार, देवास, इंदूर."

"मग इंदूर एवढं बारीक?"

"मास्तर, तुम्ही शाळेपुरतं बघा."

दाराआड अक्कांनी "अगो बाई!" म्हणून तोंडावर हात दाबला होता. त्यांची नजर त्या ठिपक्यांवर होती. पण दाराआडच्या बाईला कोण विचारतो? आणि परक्या पुरुषांसमोर ती बोलणार कशी?

"तोंड कुठं आहे?" गणोजीराव म्हणाले. आवाज हळू होता.

"काकासाहेब..."

"मी तुला तोंड काढायला सांगितलं होतं. नकाशा नव्हता मागितला. तोंड कुठं आहे तिचं?"

"तुम्ही सांगा कसं होतं," प्रताप म्हणाला. तोही त्याच रक्ताचा. "सांगा, आत्ता काढतो. अठरा वर्षं तुम्ही तिच्या हातचं जेवलात. मी तर पोर होतो."

चार माणसांत हे बोलायला नको होतं. गणोजीरावांचा हात उठला आणि तसाच खाली आला. "चालता हो," ते म्हणाले. "आणि हे कापड तबेल्यात टाका. या घरात या विषयावर पुन्हा कुणी शब्द काढायचा नाही."

प्रताप पाणीही न पिता गेला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. केलेल्या पुरणपोळ्या यमुनाबाईंनी तबेल्याच्या संताजीला देऊन टाकल्या.

हा संताजी गणोजीरावांचा जुना मोतद्दार. त्यानं मला चौकटीसकट उलटंपालटं केलं, नखानं टोकरून पाहिलं. "कपडा मजबूत आहे," तो मैनेला म्हणाला. "तुझ्या खिडकीतून हवा येते ना? चल, काम झालं." आणि त्यानं मला तबेल्याच्या फुटक्या खिडकीवर ठोकलं. चित्राची बाजू आत. का, तर म्हणाला, घोडीला बघायला काहीतरी होईल.

तो माझा पडता काळ. माझ्यावर धूळ बसली, माश्या बसल्या, शेणाचे शिंतोडे उडाले. मैनेनं कोपरा खाल्ला तो याच दिवसांत. पण खरं सांगू? दिवाणखान्यात माणसं मला नकाशा म्हणत होती. तबेल्यात कुणी काही म्हणत नव्हतं. थंडीचा वारा मी अडवत होते आणि घोडी मला पाठ घासत होती. कामात मान असतो, तो मला तिथं होता.

इकडे गणोजीरावांची नजर झपाट्यानं उतरत चालली. आधी ते कडांना अडखळू लागले. मग माणसं आवाजावरून ओळखू लागले. तरीही माजघराच्या दाराशी गेले की खाकरायचे. आत कोण असे? एक म्हातारी बहीण आणि एक म्हातारी स्वयंपाकीण.

शेवटी अक्कांनी भावाची बंदी मोडली. देवासला निरोप धाडून प्रतापला बोलावून घेतलं आणि मागच्या दारानं तबेल्यात आणलं. माझ्यासमोरच बोलणं झालं.

"बाळा, उजेड संपत आला रे त्याचा. उठता बसता एकच, तोंड नाही पाहिलं, तोंड नाही पाहिलं. काढ एखादं."

"कुणाचं काढू अक्का?"

"कुणाचं पण काढ. चांगलं, देखणं. त्याला कुठं ठाऊक आहे? त्याला वाटेल हीच. मरताना माणसाला थोडं खोटं चालतं."

"आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं काय करायचं?"

"त्यानं गप बसायचं. आम्ही नाही बसलो जन्मभर?"

प्रतापनं मान खाली घातली. "बरं," म्हणाला.

संताजीनं त्याला दाण्याची पेटी उभी करून दिली. "चढा प्रताप भिया. पण घोडीला सांभाळा, रंग खाते ती."

अक्का घरात गेल्या. संताजी पाणी आणायला गेला. दुपार कलली होती, अर्ध्या लोटलेल्या दारातून तबेल्यात उन्हाची पट्टी आली होती. प्रतापनं माझी धूळ ओल्या फडक्यानं पुसली आणि गव्हाळ रंग कालवला, कातडीचा. ब्रश भरून त्यानं माझ्या पिवळ्या रंगासमोर धरला.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. राहुटी होते तेव्हा वाऱ्यात निदान फडफडता तरी यायचं. आता एका क्षणात माझ्यावर एक देखणी, परकी बाई बसणार होती, आणि खाली खरी सुमंगला कायमची झाकली जाणार होती. जन्मभर पदराखाली राहिली. आता रंगाखाली.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. गणोजीराव रोज या वेळी मैनेला गूळ द्यायला येत. प्रताप जागच्या जागी थिजला. पावलं दाराशी आली. अर्ध्या लोटलेल्या दाराच्या फटीतून त्यांनी आत पाहिलं, आणि थांबले.

आणि खाकरले.

अगदी तसे, जुने. सबंध तबेला घुमला. मैनेनं मान वर केली. खाकरून ते दारातच उभे राहिले, एक पाऊल मागं सरून, मान जराशी बाजूला वळवून, आतल्या बाईला पदर सावरायला वेळ द्यावा तसे.

"काकासाहेब, आत कुणी नाही. मी आहे, प्रताप."

"गप." त्यांनी हात वर केला. "ती आहे."

त्यांच्या डोळ्यांना आता कडा दिसत नव्हत्या, रेघा दिसत नव्हत्या. दिसत होते ते रंगाचे ढग. आणि दाराच्या फटीतून, तेवढ्या अंधुक नजरेनं, त्यांना दिसला होता हिरव्या लुगड्याचा पट्टा, पुढं आलेला हात, आणि मागं चुलीचा उजेड. जशी ती त्यांनी जन्मभर पाहिली होती, तश्शी. दिवाणखान्यात चांगल्या डोळ्यांनी नाकाला नाक लावून पाहिलं तेव्हा मी नकाशा होते. इथं दारातून, विझत्या डोळ्यांनी, मी त्यांची बायको होते.

ते तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मी खाकरलो. आता तिनं पदर ओढला असेल."

"नाही ओढला," प्रताप म्हणाला. "ही ओढत नाही. तुम्ही आत या."

गणोजीराव आत आले. त्या घरात बाई आहे तिथं ते पहिल्यांदाच सरळ चालत आले. पेटीशी आले तेव्हा त्यांचा हात प्रतापच्या ब्रशला लागला.

"काय करत होतास?"

"तोंड काढत होतो. तुम्हाला हवं होतं ना."

"तुला ठाऊक आहे तिचं तोंड?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी ब्रश चाचपला. "मग कुणाचं चिकटवत होतास रे? उद्या वर गेल्यावर ती समोर आली तर मी दुसरीच समजून बाजूला होईन ना. फेक तो ब्रश."

प्रतापनं फेकला. मैनेनं तो हुंगला.

मग गणोजीराव माझ्या अगदी जवळ आले, मान वर-खाली करून उरलासुरला उजेड वेचू लागले. "हा हात तिचा आहे. हे ओळखतो. ही फट आपल्या दाराची. हे इथं काय आहे? हे काळं काळं?"

"ते गोंदण आहे काकासाहेब. काकीच्या हनुवटीवर होतं. तीन ठिपके. मी खाली बसायचो ना चुलीपाशी, मला ते दिसायचं. भाकरी फुगली की ती हसायची, आणि मग हे ठिपके जवळ जवळ यायचे."

"गोंदण होतं तिला?"

"होतं."

"हनुवटीवर?"

"हो."

गणोजीरावांनी बोट पुढं केलं आणि त्या तीन ठिपक्यांवर एकेक करून टेकवलं. जिथं दत्तोपंतांना धार, देवास आणि इंदूर दिसलं होतं, तिथं एका म्हाताऱ्याला पंधरा वर्षांनी आपल्या बायकोची हनुवटी सापडली. "हसताना जवळ यायचे," तो पुटपुटला. "हसताना." आणि मग तिथंच मैनेच्या वैरणीवर बसून तो रडला, आणि रडता रडता हसला. "परत्या, गाढवा, त्या दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

"मतलब माझीच चूक."

"थोडी माझीही."

"नाही. तुझी कशाला?" ते म्हणाले. "माझ्या खाकरण्याची."

त्यांनी मला घरात न्यायला नकार दिला. दार हवं, फट हवी, संध्याकाळचा तो उजेड हवा. नजर होती तोवर रोज तिन्हीसांजेच्या आधी ते तबेल्यात येऊन बसत. संताजी चिलीम ओढत बाहेर बसे. गणोजीराव माझ्याशी बोलत. काय बोलत ते मी सांगणार नाही, ते तिच्यासाठी होतं. नजर गेल्यावरही येत. तेव्हा मग अक्का शेजारी बसायच्या, डोक्यावरचा पदर मागं सारून, आणि माझ्यावर काय आहे ते भावाला सांगायच्या. रोज तेच. रोज त्याला नवं वाटे.

आणि आणखी एक झालं. त्या दिवसापासून त्यांनी घरात हुकूम सोडला, की माजघराच्या दाराशी कुणी खाकरायचं नाही. भाऊबंदांनी नावं ठेवली. दत्तोपंत म्हणाले, गणोजीरावांच्या डोळ्यांबरोबर अक्कलही गेली. यमुनाबाई म्हणाल्या, "आता कुठं आली."

गणोजीराव गेल्यावर प्रतापनं मला नवी चौकट बसवली आणि या मुलींच्या शाळेला देऊन टाकलं. तो म्हणाला होता, पोरी हिला बघतील, पोरींना कळेल. मास्तरणींना त्यानं एवढंच सांगितलं की ही माझी काकी. पुढं मास्तरणी बदलल्या आणि तेवढंही विसरलं गेलं. आता माझ्याखाली लिहिलं आहे 'आधुनिक शैली'. लिहू देत.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझा पिवळा रंग जागोजागी तडकला आहे. शिपाई सणासुदीला मला ओल्या फडक्यानं खसाखसा पुसतो, तेव्हा त्या तीन ठिपक्यांपैकी एक थोडा थोडा झिजत चालला आहे. त्याला सांगा, कोरड्या, मऊ कापडानं पूस. माझ्याजवळ पाण्याचा माठ ठेवू नका, भिंत ओल धरते. माझ्यावर खिळा ठोकून वेळापत्रक टांगू नका. एवढं केलंत तरी मी आणखी पुष्कळ दिवस टिकेन. राहुटीचं कापड आहे, असंतसं नाही.

पण माझं सोडा. आज घरी गेलात की एक करा. चुलीपाशी, दाराशी, विहिरीवर जी कुणी तुमची असेल, आई असेल, आजी असेल, काकी असेल, तिच्यासमोर जरा बसा. उजेड आहे तोवर बसा. नाक कसं आहे ते बघा. हसताना काय होतं ते बघा. नंतर कितीही चांगला चित्रकार आणलात, तरी तुम्ही न पाहिलेलं तो काढू शकणार नाही.

आणि माझ्याकडे याल तेव्हा दारातून सरळ आत या. खाकरू नका. माझ्या बाईनं पदर कधीच मागं सारला आहे.